सत्कारमूर्तीने शेवटपर्यंत बसून राहावे

माणसाला यश एकदाच मिळते, पण त्याचा सत्कार कितीही वेळा करता येतो. यश ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. सत्कार ही सार्वजनिक बाब आहे, आणि सार्वजनिक बाब म्हटली की समिती आली, समिती म्हटली की सरचिटणीस आला. शहापूर तालुका गुणगौरव समन्वय समितीचा सरचिटणीस मी आहे. नाव जयराम. सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून काढली, त्यामुळे एखादी गोष्ट झाली नसली तरी ती यथोचित पार पडल्याचा अहवाल कसा लिहावा हे मला चांगलं जमतं. निवृत्तीनंतर हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून समितीत आलो.

समितीचे अध्यक्ष धनेशशेठ. शहापूरच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान आहे. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फेटे आणि फ्लेक्स, सगळं एकाच छताखाली मिळतं. काही विघ्नसंतोषी लोक यात हितसंबंध शोधतात. त्यावर धनेशशेठांचं उत्तर ठरलेलं असतं. "दवाखान्याखाली मेडिकल असतो, त्याला कोन काय बोलतो काय?"

या लेखाचा हेतू तरुण कलाकारांना मार्गदर्शन करणे हा आहे. पुरस्कार मिळाल्यावर पुढं काय करायचं असतं, हे आपल्याकडच्या पोरांना कोणी शिकवत नाही. मग ती गोंधळतात आणि पुन्हा आपलं कामच करायला लागतात. हे होऊ नये म्हणून समितीने हाताळलेलं एक प्रकरण सविस्तर देतो.

आटगाव स्टेशनवरून चालत जाता येईल अशा एका वस्तीत पौर्णिमा नावाची मुलगी राहते. शहापूरला कॉलेजात शिकते. वडील इंद्रजीत ठाण्याला कामाला जातात, आई रत्नप्रभाताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. गेल्या हिवाळ्यात नाशिकला राज्यस्तरीय एकपात्री अभिनय स्पर्धा झाली, त्यात पौर्णिमाचा पहिला क्रमांक आला. एकपात्री म्हणजे रंगमंचावर एकच माणूस. (समितीच्या दृष्टीने हा अपव्यय आहे. आमच्या व्यासपीठावर एका वेळी किमान बावीस असतात.) रत्नप्रभाताईंना नाशिकला जाता आलं नाही, कारण त्याच दिवशी अंगणवाडीत आहाराची तपासणी होती. "तू परत ये, मंग मला घरातच करून दाखव," असं त्या लेकीला म्हणाल्या होत्या. ही साधी इच्छा पुढं समितीला फार जड गेली.

पोरगी परत आली त्याच आठवड्यात वस्तीतल्या बायकांनी तिला विहारात बोलावलं. आम्हाला खबर लागली तेव्हा धनेशशेठ जेवत होते, ते हात धुऊन तसेच निघाले. आम्ही पोचलो तर प्रकार गंभीर होता. कार्यक्रमपत्रिका नाही. प्रमुख पाहुणे नाहीत. अध्यक्षांच्या खुर्चीवर टॉवेल नाही, कारण मुळात खुर्चीच नाही. बुद्धवंदना झालेली, बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या, रत्नप्रभाताई सर्वांत पुढं, आणि पोरगी पदर खोचून आता सुरूच करणार. राज्यस्तरीय कला अशी उघड्यावर पडलेली बघून धनेशशेठांना राहवलं नाही. त्यांनी जीपमधून शाल काढली.

त्यानंतर सर्व काही नियमाप्रमाणे झालं. मी प्रास्ताविक केलं. धनेशशेठ बोलले. जीपमधून आलेल्या इतर मान्यवरांनी आपले विचार मांडले, आणि जीपचा ड्रायव्हरही मान्यवरच निघाला. शेवटच्या भाषणात लाइट गेली. बायका चुलीकडे वळायला लागल्या तेव्हा पौर्णिमा धनेशशेठांजवळ आली.

"काका, मी आता करू काय? दहा-बारा मिन्टांचं हाय."

"बाय, तू आता कशाला दमतेस?" धनेशशेठ मायेने म्हणाले. "तू सत्कारमूर्ती हायस. आता दमायचं काम आमचं."

आमची सगळी कार्यपद्धती या दोन वाक्यांत आली. मूर्ती हा शब्द आमच्या पूर्वजांनी उगाच वापरलेला नाही. मूर्तीने बसायचं असतं. मूर्ती उठून नाचायला लागली तर भाविकांची पंचाईत होते.

नवोदितांच्या माहितीसाठी बसण्याचे काही संकेत इथं नमूद करतो. खुर्ची मधली असली तरी पंखा शेजारच्या पाहुण्याकडे असतो, हे मनाला लावून घेऊ नये. शाल अंगावरून काढू नये. घाम आला तर तो कृतज्ञतेत धरला जातो. हार घालताना घालणाऱ्याकडे बघू नये, फोटोवाल्याकडे बघावं, कारण घालणाराही तिकडेच बघत असतो. ट्रॉफी दोघांनी धरायची असते आणि फोटो निघेपर्यंत सोडायची नसते. (एका कार्यक्रमात पौर्णिमाने लवकर सोडली. ट्रॉफी पाहुण्यांच्या पायावर पडली आणि पाहुण्यांना त्यांच्या धीराबद्दल दुसरी ट्रॉफी द्यावी लागली.) बोलायचा आग्रह झाला तर दोन शब्द बोलावेत. पौर्णिमाला दोन म्हणजे खरंच दोन वाटले. ती "थँक्यू सर" म्हणून खाली बसली. हा आजवरचा सर्वोत्तम नमुना असून आम्ही तो इतर सत्कारमूर्तींना उदाहरण म्हणून सांगतो.

फ्लेक्सचंही एक शास्त्र आहे. त्यावर सत्कारमूर्तीचा फोटो असावा असा दंडक आहे, आणि समिती तो पाळते. पहिल्या फ्लेक्सवर पौर्णिमाचा फोटो ताटाएवढा होता. पुढं शुभेच्छुक वाढत गेले तसा तो वाटीएवढा झाला, मग पेढ्याएवढा. मुरबाड रस्त्यावरच्या फ्लेक्सवर तर ती बरोबर दोरी ओवायच्या भोकात गेली. मजकुरात कामगिरीचा तपशील टाळावा हे धनेशशेठांचं धोरण आहे. 'आमच्या तालुक्याची शान, अभिमानास्पद कामगिरीबद्दल हार्दिक अभिनंदन' एवढंच छापायचं. नाव बदललं की तोच मजकूर दहावीच्या गुणवंताला चालतो, नव्या सरपंचाला चालतो, आणि एकदा बैलगाडा शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलालाही चालला होता.

अल्पपरिचयाचंही तेच. तो मी स्वतः लिहितो. 'लहानपणापासून हुशार, घरची परिस्थिती प्रतिकूल, तरीही जिद्दीच्या जोरावर'. रत्नप्रभाताईंनी एकदा हरकत घेतली. "भाऊ, परिस्थिती तशी बरी हाय आमची. दोघं कमावतो." मी त्यांना समजावलं की परिस्थिती प्रतिकूल असल्याशिवाय सत्कार शोभत नाही. ज्यांच्याकडे ती नसते, त्यांना समिती आपल्याकडची देते.

तर पौर्णिमाचे सत्कार सुरू झाले. कॉलेजने केला, शाळेने केला, रिक्षा स्टँडने केला. एका पतपेढीने केला. एका नव्या सलूनचं उद्घाटन तिच्या हस्ते झालं आणि तिथंही शाल मिळाली (ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात गुंडाळायच्या कापडासारखी निघाली, पण भावना महत्त्वाची). प्रत्येक ठिकाणी पोरगी आयोजकांना हळूच विचारायची, "शेवटी मी करून दाखवू काय?" प्रत्येक ठिकाणी हो म्हणत. समितीने या होकारांचा नंतर अभ्यास केला. बहुतेक वेळा सादरीकरण वेळेअभावी झालं नाही. त्याखालोखाल पाहुण्यांना लग्नाला जायचं होतं. त्याखालोखाल लाइट. शाळेत यापैकी काहीच झालं नाही, पोरंही बघायला उतावीळ होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रसंगावधान राखून कलेचे महत्त्व या विषयावर तास घेतला.

घरात नारळांची थप्पी लागली. रत्नप्रभाताईंनी आधी वड्या केल्या, मग शेजाऱ्यांना वाटले, मग अंगणवाडीतल्या पोरांच्या खिचडीत खोबरं पडायला लागलं. एक दिवस मला शहापूरच्या एसटी स्टँडवर भेटल्या.

"जयरामभाऊ, नारळ बंद करा आता. घरात पाय ठेवाया जागा नाय."

"ताई, मान आहे तो."

"मान हाय ते समजतं. पन मी अजून बघितलंच नाय हो तिचं. घरी दाखव म्हनलं तर तवाच कोनतरी शाल घेऊन दारात उभं. सगळ्या गावानं तिला बघितली, मी सुदीक बघितली. तिचं काम कोनी बघितलं?"

मी त्याच दिवशी त्यांना सर्व सत्कारांचे फोटो मोबाइलवर पाठवले. त्यात पौर्णिमा बसलेली होती, पण अगदी स्पष्ट दिसत होती.

याच सुमारास कल्याणच्या एका नाटकमंडळीने पौर्णिमाला निरोप धाडला. नवं नाटक बसवत होते, मोठी भूमिका होती, तालमी रविवारी. आता रविवार हा सत्काराचा वार आहे, हे कल्याणसारख्या ठिकाणच्या लोकांना ठाऊक असायला हवं. पौर्णिमाने सत्कारांसाठी दोन रविवार मागून घेतले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मीना नावाच्या मुलीला घेतलं. ही मीना नाशिकला दुसरी आली होती. दुसरा क्रमांक आल्यामुळे बिचारीचा कुठंही सत्कार झालेला नव्हता. मोकळीच होती. आता ऐकतो की तिचे गावोगाव प्रयोग होतात, लोक टाळ्या वाजवतात, पुन्हा बोलावतात. एका शालीवाचून पोरीवर अशी वणवण फिरायची पाळी आली. मला फार वाईट वाटलं.

पौर्णिमाला मात्र त्याचं वाईट वाटलं असावं, अशी शंका येण्याजोगा एक प्रकार घडला. रत्नप्रभाताई त्यासाठी खास माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, रोज संध्याकाळी पोर घरामागं जाऊन आपलं आपण करून बघतं, पुरतं बसल्याशिवाय आईलाही बघू देत नाही. परवा मधेच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबलं. मग घरात येऊन नारळाच्या थप्पीवर बसून राहिलं.

"मला म्हनतं, आई, विसराया लागले गो मी. सवय गेली." ताई अजून उंबऱ्यातच उभ्या होत्या. "भाऊ, नाशिकचं मी काय बघितलं नाय. आता हितलं बी हातातनं चाललंय. एक डाव तरी करू द्या तिला. मग खुशाल बसवा."

आईच्या या भावनेची समितीने तातडीने दखल घेतली. सत्कारमूर्ती विसरायला लागली याचा अर्थ वेळ कमी आहे. तेव्हा आहे तोवर महासत्कार उरकून घ्यावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

आणि नेमकं तेव्हाच मुरबाडने हक्क सांगितला.

पौर्णिमाचं आजोळ सरळगावच्या बाजूला, म्हणजे मुरबाड तालुक्यात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तसं रत्नप्रभाताईंचंही झालं होतं. या बारीकशा गोष्टीचा असा उपयोग होईल हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नसणार. पौर्णिमाचा मामा प्रशांत हा मुरबाडच्या गुणगौरव समितीचा कार्याध्यक्ष. तो चार माणसं घेऊन जीपने शहापूरला आला आणि धनेशशेठांच्या दुकानात शालींच्या गठ्ठ्यावर बसला.

"पोर आमच्यात जल्माला आलं. सत्कार आमचा."

"सवा महिन्यात परत आलं ते," धनेशशेठ म्हणाले. "वाढलं कुठं? आटगावला."

"पन पहिला आवाज कुठं काढला? मुरबाडात. एकपात्रीत आवाजच लागतो ना?"

"आन त्याच्यानंतरचे सगळे आवाज शहापुरात काढलेत, त्याचं काय?"

प्रशांतने बसल्या गठ्ठ्यातली एक शाल ओढून तिची नीट घडी केली. मग तो जे बोलला त्याने आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. "शेठ, तुमच्याकडं रेल्वे हाय, हायवे हाय. आमच्याकडं एसटी आन जीप. आमाला रेल्वे कोनी देत नाय. नट तरी द्या."

हे रास्त होतं. अखेर दोन्ही तालुक्यांचा संयुक्त महासत्कार ठरला. ठिकाण, किन्हवलीच्या पुढं आणि सरळगावच्या अलीकडे, बरोबर तालुक्याच्या हद्दीवरचं एक भाताचं शेत. वैशाख होता, शेत मोकळंच होतं. हद्द कुठून जाते ते जाणत्यांना विचारून चुन्याची फक्की मारून घेतली आणि व्यासपीठ असं बांधलं की निम्मं शहापुरात, निम्मं मुरबाडात. सत्कारमूर्तीची खुर्ची रेषेवर ठेवली, दोन पाय या तालुक्यात, दोन त्या. मंडप अक्षयचा. तो मुरबाडचा असल्यामुळे खुर्च्या त्याच्या आणि पंखे आमचे, असं ठरलं. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सत्कारमूर्तींचे एकपात्री सादरीकरण (वेळ मिळाल्यास)'. ती ओळ बघून पोरगी चक्क हसली. त्या रात्रीपासून घरामागं पुन्हा आवाज यायला लागला, असं ताई सांगत होत्या.

महासत्काराला गर्दी झाली. दोन तालुके असल्यामुळे दोन समया होत्या, दोन प्रास्ताविकं, दोन अध्यक्ष, दोन स्वागतगीतं. स्वागतगीत एकच होतं, पण प्रत्येक तालुक्याने आपल्या सुरात म्हटलं. पौर्णिमाला दोन फेटे बांधले. दुसरा पहिल्यावरच बांधावा लागला, कारण पहिला काढणं हा शहापूरचा अपमान झाला असता. तिच्या अंगावर शाली चढत गेल्या. रत्नप्रभाताई पहिल्या रांगेत होत्या. रविवार असल्यामुळे या वेळी अंगणवाडीत तपासणी नव्हती.

भाषणं उत्तम झाली. फ्लेक्सवर 'अभिमानास्पद कामगिरी' एवढंच असल्यामुळे वक्त्यांना कोणतंही बंधन नव्हतं. पहिल्या वक्त्याने पौर्णिमाच्या चढाईचं कौतुक केलं आणि कबड्डीत मुली मागं नाहीत हे ठासून सांगितलं. दुसऱ्याने तिच्या गळ्याची तारीफ केली. तिसऱ्याने पोलिसात भरती झाल्याबद्दल शुभेच्छा दिल्या आणि तालुक्यातल्या वाढत्या चोऱ्यांकडे लक्ष घालायची विनंती केली. पौर्णिमा प्रत्येकाला नमस्कार करत होती. चौथ्या वक्त्याचं मात्र खरंच नवल वाटलं. तो म्हणाला, "हिने जे केलं ते शब्दांत सांगता येणार नाही." त्याने सांगितलंही नाही.

दुपार कलली. सत्कारमूर्तीने दोनदा माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच 'होतंय' म्हणून सांगितलं. मग दोन्ही तालुक्यांची आभारप्रदर्शनं झाली. एकाने मंडपवाल्यापासून सुरुवात केली, दुसऱ्याने पावसापासून (तो न आल्याबद्दल). शेवटी माइक माझ्या हातात आला. आता पत्रिकेतली एकच ओळ राहिली होती आणि मी ती वाचणारच होतो. तेवढ्यात कनातीपलीकडून मसालेभाताचा वास आला. हजारभर माणसं सकाळपासून बसली होती. मी जबाबदार सरचिटणीसाप्रमाणे घोषणा केली, "सर्वांनी जेवून जावं."

मंडप रिकामा व्हायला किती वेळ लागतो हे ज्यांनी आपल्याकडचं लग्न बघितलं आहे त्यांना सांगायला नको. माइकवाल्याने वायर गुंडाळली. अक्षयच्या पोरांनी मागच्या रांगांपासून खुर्च्या दुमडायला घेतल्या, कारण संध्याकाळी मुरबाडला एका हळदीला त्याच खुर्च्या जायच्या होत्या. व्यासपीठावर पौर्णिमा तेवढी बसून होती. समोर रत्नप्रभाताई.

मी पुढं होऊन म्हणालो, "चल बाळ, जेवून घे."

"काका, वेळ मिळाला ना आता?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "मिळाला, पण माणसं कुठं आहेत?"

तिने समोर बोट दाखवलं. "ती काय, आई बसलीय."

एका माणसाने गणपूर्ती होत नाही, म्हणून मी जेवायला गेलो. जाता जाता मागं बघितलं तेव्हा ती फेटे सोडत होती, आधी मुरबाडचा, मग शहापूरचा. शाली तिने एकेक करून खुर्चीवर ठेवल्या आणि पायातल्या चपला काढल्या.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. जेवणाचा मंडप आणि सभेचा मंडप यांच्यामध्ये एक कनात होती, बाकी काही नाही. मी रांगेत होतो. पलीकडून तिचा आवाज यायला लागला, माइक नसल्यामुळे शब्द कळत नव्हते. खुर्च्यांचा खडखडाट चालू होता. थोड्या वेळाने अक्षयची पोरं हसली. मग पुन्हा हसली. मग खडखडाट थांबला. खुर्च्या परत उघडल्याचा आवाज आला. (मंडप उतरवण्याच्या कामात अर्धा तास उशीर झाला, त्याची नोंद घेतली आहे.) आणि मग एकदम शांतता झाली. मला वाटलं, अडकली. रत्नप्रभाताई सांगत होत्या तिथंच अडकली. माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्या पोरीसाठी भीती वाटली, मनापासून वाटली. पलीकडे कोणीतरी नाक ओढलं. मग तिचा आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा हळू, आणि सलग येत राहिला.

मी कनात बाजूला करून बघू शकलो असतो. पण माझ्यापुढं दोनच माणसं राहिली होती, आणि जिलबी संपत आली होती.

टाळ्या वाजल्या. मोजकीच माणसं असल्यामुळे त्या फार नव्हत्या, पण बराच वेळ वाजत राहिल्या. रत्नप्रभाताई कनातीच्या या बाजूला आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा मी आजवर बघितला नव्हता इतका शांत होता. मी अहवालासाठी त्यांची प्रतिक्रिया मागितली. दोन शब्द.

"तुमी बघितलं नाय?" त्यांनी विचारलं.

"ताई, जेवणाची व्यवस्था बघायची होती."

त्यांनी कनातीकडे बघितलं, माझ्या ताटाकडे बघितलं. "मग ऱ्हाव द्या," त्या म्हणाल्या. "माझं बघून झालं."

पौर्णिमा जेवायला आलीच नाही. ती अक्षयच्या पोरांबरोबर टेम्पोत खुर्च्या चढवत होती. त्याच टेम्पोत बसून ती मुरबाडला गेली आणि हळदीच्या मंडपात, डीजे लावायच्या आधी, तिने पुन्हा तेच केलं असं म्हणतात. तेव्हापासून बातम्या येतच असतात. आज या वस्तीत केलं, उद्या त्या पाड्यावर. पत्रिका नाही, पाहुणे नाहीत, टॉवेल नाही. माणसं सतरंजीवर बसतात आणि ती उभी असते. राज्यस्तरीय पुरस्काराचं असं मातेरं झालेलं मी पहिल्यांदाच बघतो.

पुढच्या रविवारी वासिंदकडच्या एका मंडळाने तिचा सत्कार ठेवला होता. तिने निरोप पाठवला, 'शाली तुमच्याकडंच ठेवा.' पत्रिका छापलेली, पाहुणे निघालेले. धनेशशेठ डगमगले नाहीत. त्यांनी तिचा माणसाएवढा फ्लेक्स छापला, तो कापून खुर्चीवर बसवला आणि त्याला शाल घातली. कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. फ्लेक्स शेवटपर्यंत हसतमुख होता, त्याला घाम आला नाही आणि त्याने काहीही करून दाखवायची परवानगी मागितली नाही. यापुढं हीच पद्धत कायम ठेवावी असा समितीचा विचार आहे. दरम्यान मीनालाही योग्य मार्गावर आणण्याचे प्रयत्न सुरू असून तिचे पुढचे सगळे रविवार आम्ही मागितले आहेत.

अहवाल इथं संपतो. एक त्रुटी तेवढी राहिली आहे, ती मोठ्या मनाने पोटात घालावी. पौर्णिमाने नाशिकला नेमकं काय केलं, ती कोण झाली होती, तिने हसवलं कशावर आणि रडवलं कशावर, हे या सबंध लेखात कुठंही आलेलं नाही. कारण मला ठाऊक नाही. लिहिताना मला धाकधूक होती की कोणीतरी वाचक मध्येच थांबेल आणि विचारेल. कबड्डीच्या भाषणाला तुम्ही हसलात तेव्हा तर मी धसकलोच होतो, म्हटलं आता विचारणार. पण तुम्ही विचारलं नाहीत. नारळ, फेटे, जिलबी असं सगळं आवडीने वाचत शेवटपर्यंत बसून राहिलात.

असे रसिक मिळायला भाग्य लागतं. तुमचं नाव मी आदर्श रसिक म्हणून समितीकडे सुचवलं आहे. शाल धनेशशेठांनी बाजूला काढून ठेवली आहे. सवडीने या, खुर्ची पहिल्या रांगेतली देऊ, कनातीला लागून.